कुंजपुऱ्याचा दसरा

आश्विन शुद्ध दशमीला आपल्या परंपरेने एक नव्हे, अनेक जन्मकथा दिल्या आहेत. नऊ रात्री झुंजून देवीने महिषासुराचा वध केला तो याच तिथीला, असे देवीचे उपासक सांगतात. रामाने रावणास मारले तेही याच दिवशी, असे उत्तर हिंदुस्थान मानतो. वर्षभर शमीच्या फांद्यांत दडवून ठेवलेले गांडीव उतरवून विराटाच्या गाई वळविण्यासाठी अर्जुन कौरवांच्या सेनेवर एकटा चालून गेला तो दिवसही परंपरेने हाच ठरविला आहे. आणि आपल्याकडे आपट्याची पाने सोने म्हणून वाटताना जी कथा सांगितली जाते ती रघुराजाची आहे. वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्ण मागावयास आला, तेव्हा विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करून बसलेल्या रघूच्या घरी मातीच्या पात्रावाचून काही उरले नव्हते. त्याने कुबेरावर स्वारी करण्याचा निश्चय केला, रथ सज्ज करून रात्री तो त्यातच निजला, आणि पहाटे कोठीवरचे अधिकारी सांगत आले की, रात्रीतून भांडारात सोन्याची वृष्टी झाली आहे.

या कथांचे दैवत निरनिराळे आणि प्रदेशही निरनिराळे. परंतु दबा धरून राहिलेले सामर्थ्य त्या दिवशी उघड्यावर येते, हे सूत्र त्या सर्वांत आहे. त्यातही रघूची कथा मराठ्यांच्या राज्यकारभाराला इतकी जवळची आहे की, जणू ती त्यांच्यासाठीच रचली असावी असे वाटते. खजिना रिकामा आहे, मागणारा दारात उभा आहे, आणि उपाय एकच, तो म्हणजे मोहीम. अठराव्या शतकातील पेशव्यांचा कोणताही फडणीस ही स्थिती पुराणाचा आधार न घेता समजू शकला असता.

मराठी मुलखात या सणाला जो अर्थ प्राप्त झाला तो ग्रंथांपेक्षा ऋतूने दिला. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना घोड्याचा उपयोग नाही. नद्या उतार देत नाहीत, काळ्या रानात तोफेचा गाडा आसापर्यंत रुततो, दारू सर्द होते, आणि माणूस स्वतःच्या शेतात गुंतलेला असतो. आश्विनात हे सारे एकदम पालटते. पाणी ओसरते, रस्ते वाळतात, रानात घोड्याला पुरेल इतके गवत उभे असते, आणि खरिपाचे पीक हाताशी आल्यामुळे कुणब्याच्या घरातील एक माणूस मोकळा होऊ शकतो. घटस्थापनेला पेरलेले धान्य नवव्या दिवशी हिरवे-पिवळे होऊन उभे राहते आणि दसऱ्याला त्याचा तुरा पागोट्यात खोवला जातो. तो तुरा खोवून ज्याने खंडेनवमीला नांगराबरोबर तलवारही पूजिली, तोच दुसऱ्या दिवशी शिलेदार होऊन गावाची शीव ओलांडी. शेतकरी आणि सैनिक ही दोन माणसे नव्हती, एकाच माणसाचे ते दोन हंगाम होते, आणि दसरा हा त्या दोहोंमधला उंबरठा होता.

शिवछत्रपतींनी या ऋतुचक्रालाच राज्याच्या कायद्याचे रूप दिले. जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली तीत लष्कराचा हा कायदा स्पष्ट नमूद आहे. पावसाळ्यात फौजेने छावणीस यावे, दसरा होताच कूच करावे, आठ महिने परमुलखात राहून खंडणी मिळवावी व तेथेच पोट भरावे. निघतेवेळी लहानथोर प्रत्येकाच्या सामानाची यादी करावी आणि परत आल्यावर त्या यादीशी झडती ताडून जे अधिक निघेल ते सरकारात जमा करावे. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण असू नये. ज्या दिवशी आपण एकमेकांना सोने वाटतो त्याच दिवशी महाराजांचे कारकून शिपायाच्या पडशीतील जिन्नस मोजून लिहून घेत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण लूट आणि राज्य यांतील अंतर त्या यादीएवढेच होते.

गावपातळीवर हाच विधी शिलंगण म्हणून चाले. वाजतगाजत शिवेबाहेर जावयाचे, शमीची वा आपट्याची पूजा करावयाची आणि सोने लुटून परत यावयाचे. परंतु पुढे कोणी चालावे, पहिली पाने कोणी तोडावीत, हा प्रश्न साधा नसे. दोन घरांत पाटिलकी विभागली गेली की दसऱ्याचा मान, होळीची पोळी आणि पोळ्याचा बैल कोणाचा पुढे, यावरून गोतसभा बसत, महजर होत आणि तंटा पिढ्यान्‌पिढ्या चाले. पुण्यात या शिलंगणाला राजदरबाराचे रूप आले. शनिवारवाड्यातून पेशव्यांची स्वारी हत्ती, नौबत आणि जरीपटका यांसह निघे, सरदार आपापल्या पागा घेऊन सामील होत, आणि नजराणे, पोशाख व हजेरी यांत नव्या सालच्या मोहिमांची वाटणी दडलेली असे. छावणीच्या महिन्यांत शिलेदारांना नालबंदी देऊन बांधून ठेवलेले असे. दसऱ्याला त्या पैशाचा जाब घोड्याच्या पाठीवर बसून द्यावयाचा.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे १७६० चा दसरा किती वेगळा होता ते उमगते.

त्या वर्षीच्या मोहिमेचा आरंभच मुळी दसऱ्याला झाला नव्हता. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. रोहिला सरदार नजीबखानाच्या बाजूने लढणाऱ्या कुतुबशहाने त्यांचे शिर कापून नेले, आणि पुतणे जनकोजी जखमी होऊन कसेबसे निसटले. इकडे ३ फेब्रुवारीला सदाशिवरावभाऊंनी उदगीर येथे निजामाला नमविले होते. त्या विजयाच्या भरात असतानाच उत्तरेची बातमी आली, आणि पडदूरच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यांनी भाऊंना व थोरले चिरंजीव विश्वासराव यांना अफगाण बादशहा अब्दालीवर पाठविण्याचे ठरविले. १४ मार्चला फौज निघाली. म्हणजे ज्या सुमारास मराठी फौजांनी मुलूखगिरी आटोपती घेऊन घराकडे पाहावयाचे, त्या सुमारास ही फौज घर सोडून उन्हाळ्याच्या तोंडी हजार मैलांच्या वाटेला लागली. बलवंतराव मेहेंदळे, समशेर बहादूर, दमाजी गायकवाड, इब्राहिमखान गारदी असे एकाहून एक मातबर लोक तीत होते, आणि उत्तरेत मल्हारराव होळकर व जनकोजी येऊन मिळणार होते. पण त्यांच्याबरोबर बाजारबुणगे होते, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंसह कित्येक सरदारांचे कुटुंबकबिले होते, आणि मथुरा, कुरुक्षेत्र वगैरे क्षेत्रे घडतील म्हणून सोबतीला निघालेले यात्रेकरू होते. सभासदाने लिहिलेला कायदा आणि ही फौज यांमध्ये ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचे अंतर होते. ते अंतर केवळ काळाचे नव्हते.

जूनमध्ये चंबळ उतरून फौज आग्र्याच्या रोखाने सरकली. यमुना ओलांडून दुआबात शिरावे, अब्दाली आणि त्याचे रोहिले मित्र यांना त्यांच्याच मुलखात गाठावे, हा भाऊंचा बेत होता, आणि तो उत्तम होता. पेशव्यांचे तिकडचे मामलेदार गोविंदपंत बुंदेल्यांना नावा जमविण्याविषयी पत्रांमागून पत्रे गेली. परंतु पावसाने नदी भरली आणि बेत जागच्या जागी राहिला. तेव्हा उजव्या काठानेच वर सरकून ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली. राजधानी हाती आली, पण तीत द्रव्य नव्हते. लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून आटविले तेव्हा नऊ लाखांच्या आसपास रुपये झाले आणि फौजेचा जेमतेम महिन्याभराचा खर्च निभावला. सोबतीला आलेला सुरजमल जाट रुसून निघून गेला. भाऊंच्या त्या दिवसांतील पत्रांत उपासाचा उल्लेख वारंवार येतो. माणसे उपाशी आहेत, घोडी उपाशी आहेत, कर्ज मिळत नाही. रघूप्रमाणेच येथेही भांडार रिते होते. फरक इतकाच की हा रघू केव्हाच रथावर चढला होता, सहा महिने चालत होता, आणि सोन्याची वृष्टी कोठे दिसत नव्हती.

१० ऑक्टोबरला भाऊंनी मोगल तख्तावर वजिराने बसविलेल्या तिसऱ्या शहाजहानाला दूर करून परागंदा शहाआलमच्या नावाने द्वाही फिरविली, दिल्लीचा बंदोबस्त नारो शंकरांकडे सोपविला, आणि ते उत्तरेकडे कुंजपुऱ्यावर निघाले.

कुंजपुरा हे कर्नाळपासून दोन-तीन कोसांवर, यमुनेच्या पश्चिम तीरालगत वसलेले रोहिल्यांचे तटबंदी ठाणे. ठाणेदार नजाबतखान. अब्दाली पलीकडच्या तीरावर अडकला होता आणि त्याच्यासाठी सरहिंदचा सुभेदार अब्दुस्समदखान याने तेथे धान्याचा व द्रव्याचा मोठा साठा केला होता. दत्ताजींचे शिर कापणारा कुतुबशहाही तेथेच होता. भाऊंना आत काय आहे याची बातमी होती, आणि त्यांच्या डावपेचांतील हे पाऊल मला सर्वांत अचूक वाटते. शत्रूची रसद तोडावयाची, तिच्यावर आपले लष्कर पोसावयाचे, आणि हे सारे नदी भरलेली असल्यामुळे शत्रूने नुसते पाहत राहावयाचे. इब्राहिमखानाच्या तोफांनी तट फोडला, दमाजी गायकवाड, शिंदे, होळकर यांच्या स्वारांनी आत मुसंडी मारली, आणि १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला. नजाबतखान व अब्दुस्समदखान कामास आले. कुतुबशहा जिवंत सापडला आणि भाऊंच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला.

दोन दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, दसरा होता.

हा दसरा कसा झाला असेल याचा विचार करताना त्यातील आनंद नाकारणे अन्यायाचे होईल. महिनोगणती अर्धपोटी राहिलेल्या माणसांना त्या दिवशी गहू मिळाला, घोड्यांना दाणा मिळाला, थकलेल्या पगारापोटी हाती काही रोकड पडली. शिंद्यांच्या गोटात बुराडीचे उसने फिटल्याची भावना होती. बंदिवानाचे शिर उतरविण्यात मर्दुमकी नव्हती हे खरे, आणि त्या कृत्याला शोभा आणण्याचा यत्न कोणी करू नये; पण जनकोजीच्या वयाच्या मुलाने जानेवारीत चुलत्याची जी अवस्था पाहिली होती, ती ध्यानात घेतल्यावाचून त्या कृत्याचा निवाडाही कोणी करू नये. आणखी एक गोष्ट त्या छावणीतील कोणा शास्त्र्याच्या मनात आली नसेल असे म्हणवत नाही. शमी हा त्या रुक्ष प्रदेशातील नेहमीचा वृक्ष. आणि शमीवरची शस्त्रे उतरवून पांडव ज्या युद्धाला सिद्ध झाले त्याची भूमी, कुरुक्षेत्र, तेथून एका मजलीवर होती. वर्षानुवर्षे देशावरच्या कोणत्यातरी माळावर ज्या कथेची पूजा होई, त्या कथेच्या रणभूमीपाशीच मराठी फौज दसऱ्याला उभी होती.

परंतु दसरा हा प्रस्थानाचा सण. तो संपल्यावर निघावयाचे असते, आणि निघावयाचे ते शत्रूवर. येथे उलट झाले. भाऊंच्या पुढे दोन मार्ग होते. दक्षिणेकडे वळून यमुनेचे उतार रोखून धरावेत, की हाती आलेली सवड घेऊन कुरुक्षेत्राचे स्नान उरकावे. नदीला अजून पाणी आहे, ती अब्दालीला इतक्यात उतार देत नाही, असा अदमास होता. शिवाय फौजेबरोबरच्या यात्रेकरूंचा, कुटुंबांचा आणि ब्राह्मणांचा ओढा क्षेत्राकडे होता. छावणी उत्तरेकडे हलली. दिल्लीत नारो शंकर होते. पण दिल्ली ते कुंजपुरा या चाळीस कोसांच्या काठावर, नदी उतरणाऱ्याला तेथल्या तेथे परतवील असे बळ कोठेही नव्हते. भाऊंविषयी आदर बाळगूनही येथे स्पष्ट बोलले पाहिजे: जो पुरुष नदीचा उतार न मिळाल्यामुळे आपला पहिला बेत सोडून बसला होता, त्यानेच तीच नदी आपल्यासाठी पहारा करील असे मानावे, ही चूक समजण्यासारखी असली तरी तिला क्षमा नव्हती.

कुंजपुऱ्याच्या बातमीने अब्दाली पेटला. आपली रसद गेली, आपली माणसे डोळ्यांदेखत मारली गेली आणि मध्ये पाणी. अशा स्थितीत त्याने दिल्लीच्या उत्तरेस बागपतपाशी उतार शोधून काढला. नदी उतरण्यापूर्वी त्याने उपास व प्रार्थना केली आणि कुराणातील वचन लिहिलेला बाण प्रवाहात सोडला, असे त्याच्या बाजूचे वृत्तांत सांगतात. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अफगाण घोडा पाण्यात शिरला. कित्येक वाहून गेले, तरी फौज पार झाली. भाऊंना ही बातमी कुरुक्षेत्राच्या वाटेवर मिळाली. ते तडक मागे वळले. परंतु आता शत्रू त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये होता, दक्षिणेची वाट त्याच्या हाती होती, आणि महिनाअखेरीस दोन्ही सैन्ये पानिपतच्या मैदानात एकमेकांसमोर येऊन ठेपली. त्या आश्विनात शीव ओलांडली ती अब्दालीने.

पुढील अडीच महिन्यांची हकीकत मराठी वाचकाला मुखोद्गत आहे. तिच्यात येथे शिरत नाही. कुंजपुऱ्याचे धान्य इतक्या तोंडांना किती पुरणार? डिसेंबरात मेहेंदळे पडले, अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि ज्या उपासातून दसऱ्याने सोडविले होते तो उपास अधिक क्रूर होऊन परत आला. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१ या दिवशी भाऊ, विश्वासराव, जनकोजी, समशेर बहादूर, इब्राहिमखान यांपैकी कोणी समरांगणावर, कोणी त्यानंतर जखमांनी वा शत्रूच्या हातून, गेले. २३ जूनला नानासाहेबांनी पर्वतीवर प्राण सोडला. त्या वर्षी दसऱ्याला पुण्यात पेशवे होते ते सोळा वर्षांचे माधवराव. आणि त्यांच्या दसऱ्यापाठोपाठ निजाम चालून आला. तरुण पेशव्याने तो परतविला, पुढे हैदराला वारंवार नमविले, आणि मोहिमांचा क्रम पुन्हा बसविला, हे या राज्याच्या जिवटपणाचे सर्वांत मोठे प्रमाण आहे.

पानिपतानंतरच्या सत्तावन्न वर्षांत शीव ओलांडणे हळूहळू देखावा होत गेले. उत्तर पेशवाईत सरदार आपापल्या दौलतींत स्थिर झाले, कवायती पलटणी बारमाही पगारी झाल्या, आणि शेतातून उठून घोड्यावर बसणारा शिलेदार मागे पडला. पुण्यातील शेवटचा पेशवाई दसरा १८१७ चा. त्याआधी दोन वर्षे आषाढीच्या यात्रेत पंढरपूर येथे गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला होता. त्या प्रकरणात अडकलेला पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या तुरुंगातून निसटला होता. आणि जून १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी मुकाट्याने इंग्रजांच्या एका अपमानकारक तहावर सही केली होती. पावसाळाभर गोखले, विंचूरकर, पटवर्धन यांच्याकडून घोडा जमत होता. १९ ऑक्टोबरला दसऱ्याची पाहणी झाली. रिवाजाप्रमाणे इंग्रजांची पलटणही सलामीसाठी उभी होती आणि रेसिडेंट एल्फिन्स्टन हजर होता. बाजीरावांनी त्याच्याकडे उघड दुर्लक्ष केले. आणि सलामी चालू असतानाच नारोपंत आपट्यांचे स्वार इंग्रजी रांगेच्या बगलेवर, आता घालतातच अशा वेगाने, चालून गेले आणि अगदी जवळ येऊन वळले.

त्या रांगेत कोण उभे होते? मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणातील मराठी माणसांचा मोठा भरणा होता. त्यांची घरे पेशव्यांच्या मुलखात होती, त्यांच्या घरच्या शमीला आणि टाकाला तोच दिवस पूजेचा होता, आणि बाजीरावांचे हस्तक त्यांना फितविण्याची खटपट महिनोन्महिने, लाच दाखवून आणि घरच्या माणसांची भीती घालून, करीत होते. ते फितले नाहीत. कंपनीचा पगार महिन्याच्या महिन्याला हाती पडे, ही एवढीच त्यांची निष्ठा होती असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. पण पुण्याच्या सरकाराला आपल्या शिपायाला आपला म्हणून बांधून ठेवता आले नव्हते, एवढे निश्चित. १ नोव्हेंबरला ती पलटण खडकीला हलली. ५ नोव्हेंबरला बापू गोखल्यांनी अठ्ठावीस हजारांच्या फौजेनिशी अठ्ठावीसशेंवर हल्ला चढविला. शहरातून निघताना जरीपटक्याची काठी मोडली होती, आणि ती घेऊन चाललेले मोर दीक्षित रणात पडले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढले.

१८१८ च्या दसऱ्यापूर्वीच बाजीराव नर्मदेपलीकडे, कंपनीच्या पेन्शनवर बिठूरच्या वाटेला लागले होते. पुण्यात त्या साली स्वारी निघाली नाही. गावोगावी मात्र शिलंगण झाले, पानेही लुटली गेली, आणि पहिल्या पानाचा मान कोणत्या पाटलाचा, हा जुना तंटा आता गोतसभेऐवजी कलेक्टराच्या कचेरीकडे जाऊ लागला.